खडकाची सरासरी



जमिनीखाली तेलाचे तळे साचलेले असते, असा पुष्कळांचा समज आहे. तसे ते नसते. १९७४ साली 'सागर सम्राट'ने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरांवर समुद्रात जे तेल शोधले, ते चुनखडकाच्या छिद्रांत मुरलेले होते. आणि त्या चुनखडकाच्या थरांमध्ये शेलचे, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकाचे, पातळ पदर आहेत. आज बोलायचे आहे ते अशा पदरांविषयी.

विहिरीत सोडलेले उपकरण दर पंधरा सेंटिमीटरला खडकाचा एक आकडा देते. पण तो विहिरीच्या आसपासचा. ध्वनिलहरीचा प्रतिध्वनी टिपला तर कित्येक मैलांचा मुलूख दिसतो. पण ही नजर जाडी. वेग सेकंदाला ३,००० मीटर आणि कंपने ३० धरली, तर लहरीची लांबी १०० मीटर भरते, आणि तिच्या चतुर्थांशाहून पातळ थराचा माथा व तळ तिला निरनिराळे दिसत नाहीत. मग बारीक आकडे या जाड मापात बसवायचे, तर सरासरी काढणे आले. इथेच घात होतो.

छिद्रांच्या प्रमाणाची सरासरी शाळकरी पोरही काढील. तेल वाहू देण्याचा गुण, म्हणजे पार्यता, तसा नाही. सारख्या जाडीचे दोन थर घ्या. एकाची पार्यता १,००० मिलिडार्सी, दुसऱ्याची १. तेल थरांच्या कडेकडेने वाहत असेल, तर सरासरी ५०० येते. थर भेदून वर जायचे असेल, तर जेमतेम २! खडक तोच, आकडे तेच. वाड्याचा दिंडीदरवाजाच बंद असला, तर आतले चौक मोकळे असून काय उपयोग?

लहरीपुरता हा हिशेब जॉर्ज बॅकस यांनी १९६२ साली बसवून दिला. पातळ थरांची चळत लांब लहरीला एकाच खडकासारखी भासते. सरळ उभ्या जाणाऱ्या लहरीसाठी त्या खडकाचा ताठरपणा थरांच्या ताठरपणाच्या व्यस्तांची सरासरी घेऊन काढावा लागतो. नुसत्या वेगांची सरासरी चालत नाही. सूत्र मोठे देखणे आहे. पण त्यातून ताठरपणा कळतो, पार्यता नव्हे. हातभर जाडीचा शेलचा पदर लहरीच्या खिजगणतीतही नसतो, आणि तेलाची वाट मात्र तोच अडवतो. तेल ढकलायला सोडलेले पाणी मग मोकळ्या थरातून विहिरीशी धावत येते, आणि घट्ट थरातले तेल मागेच राहते.

म्हणून संगणकातील नमुन्याच्या प्रत्येक घराला आडवी आणि उभी अशा दोन पार्यता देतात. उभीचा आकडा खडकाच्या तुकड्यांवरून धरायचा, आणि विहिरीतून तेलाबरोबर पाणी किती येते ते पाहून वर्षानुवर्षे दुरुस्त करीत राहायचे.