एलईडी दिवा लवकर का जातो?

६० वॅटचा जुना पिवळा बल्ब रोज पाच तास लावला, की महिन्याला ९ युनिट वीज जायची. ९ वॅटचा एलईडी साधारण तेवढाच उजेड देतो आणि दीड युनिटही खात नाही. २०१५ मध्ये सरकारची ‘उजाला’ योजना आली आणि हे दिवे घरोघरी पोचले. इथपर्यंत छानच.

पण खोक्यावर २५,००० तास लिहिलेलं असतं आणि दिवा दोन वर्षांत जातो, असं का? बऱ्याचदा आतली एलईडी शाबूत असते. जातो तो ड्रायव्हर, म्हणजे एसीचं डीसी करणारं छोटं सर्किट. जुन्या बल्बची तार तापूनच उजेड द्यायची; त्याला उष्णतेचं काय! ड्रायव्हरमधला कपॅसिटर मात्र उष्णतेनं हळूहळू सुकतो.

म्हणून सांगतो, जुन्या बंद काचेच्या गोळ्यात एलईडी बसवू नका. गोळा काढा, हवा खेळू द्या. घेताना वॉरंटी बघा, बिल जपा. मी तर खोक्यावर तारीखच लिहून ठेवतो. विजेत वाचलेले पैसे दरवर्षी नव्या दिव्यात घालवले, तर बचत कसली?

भेटू पुढच्या भागात.