मागे पडलेल्याचे मत

निवडणुकीचा दिवस जवळ आला, की मागे पडलेल्या उमेदवाराविषयी मतदारांत वाद रंगतो. एक म्हणतो, त्याला दिलेले मत वाया जाणार. दुसरा म्हणतो, योग्य माणसाला दिलेले मत वाया कसे जाईल? सुरत जिल्ह्यातील कामरेजच्या मतदाराला विधानसभेसाठी एकालाच मत देता येते. तेथे पहिल्याची शंका रास्त आहे. परंतु त्याने निवडलेला आमदार राष्ट्रपतिपदासाठी मतदान करतो, तेव्हा तो पसंतीचा क्रम लावू शकतो.

या क्रमाचे मर्म १९६९ साली दिसून आले. वराहगिरी वेंकट गिरींना ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डींना ३,१३,५४८, तर माजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांना १,१२,७६९ इतक्या मूल्याची मते मिळाली. निम्म्याहून अधिक मते कोणालाच नव्हती. देशमुख व अन्य उमेदवार बाद झाल्यावर त्यांच्या मतपत्रिकांवरील पुढील पसंती मोजण्यात आली. तेव्हा गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ मतांनी विजयी झाले.

देशमुख पराभूत झाले. परंतु अखेरचा निकाल त्यांच्या मतदारांवाचून लागला नाही. आपला विवेक न सोडताही निर्णयात वाटा राखता येतो, हे या पद्धतीचे खरे मोल होय.