चिल्लर पाहावी उलटून
(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातील भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. एकतीस वर्षं बँकेत रोखपालाच्या खिडकीत बसलो, तेव्हा मोजून घेतो आणि मोजून परत करतो. विषय दिला आहे ‘नाणेसंग्रह’. मी तो जरा लहान करून घेतो. राजेरजवाड्यांची नाणी नाहीत, आपल्या खिशातली, देवघरातल्या वाटीतली आणि आजीच्या डब्यातली चिल्लर. तिच्यात मोलाचं काय असतं आणि ते ओळखायचं कसं, एवढंच सांगतो. का सांगतो, तेही सांगतो.

आपल्या वर्गातला एक मित्र गेल्या दिवाळीत गेला. घरच्यांच्या विनंतीवरून नाव घेत नाही, पण तुम्हाला कळेलच. त्याला नाण्यांचा नाद होता. मधल्या सुट्टीत आपण पाच पैशांची बर्फाची कांडी घ्यायचो, तेव्हा हा कांडीवाल्याच्या गल्ल्यात डोकावून तीन पैशांची षट्कोनी नाणी मागून घ्यायचा. घरी तो नेहमी म्हणे, “डब्यात पोरीच्या शिक्षणाची सोय आहे.” तो गेल्यावर वहिनींनी आणि मुलीने डबा उघडला. मुलीने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता : वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं असेल तर दहा लाख मिळतात. डब्यात तसं एक होतं. दिलेल्या नंबरवर तिने फोटो पाठवला. पलीकडच्या माणसाने नऊ लाखांना सौदा ठरवला आणि ‘फाइल चार्ज’ म्हणून पाच हजार शंभर रुपये घेतले. मग जीएसटीचे साडेअठरा हजार मागितले. ते भरण्याच्या आदल्या संध्याकाळी वहिनींचा मला फोन आला. “भाऊजी, तुम्ही बँकेत होता म्हणून विचारते, हे असं असतं का हो?”

असं नसतं. ते नाणं २०१२ साली देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त निघालं. व्यवहारात फिरण्यासाठीच काढलेलं नाणं आहे, आजही कुणाच्या ना कुणाच्या सुट्ट्यात येतं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता की, जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीविक्रीत ती पडत नाही, त्यासाठी कमिशन किंवा कर घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही देत नाही. एक नियम पाठ करून ठेवा : खरा विकत घेणारा तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडे मागत नाही. आम्ही लगेच १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली. गेलेले पाच हजार शंभर अजून परत आलेले नाहीत. साडेअठरा हजार वाचले.

दुसऱ्या दिवशी मी भिंग घेऊन त्यांच्या घरी गेलो. डबा जाजमावर पालथा केला आणि वर्गात शिकवावं तसं मुलीला शिकवत शिकवत नाणी लावली. तेच तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, सालाच्या खाली बघायचं. आपल्याकडे चार टांकसाळी आहेत. मुंबईची खूण हिरा, म्हणजे छोटा चौकट. हैदराबादची पाच टोकांचा तारा. नोएडाची गोल ठिपका, ही टांकसाळ १९८८ पासूनची. कोलकात्याची खूण म्हणजे कोणतीच खूण नाही. साल एक, चित्र एक, पण एका टांकसाळीत नाणी भरपूर पडली आणि दुसरीत थोडी, तर त्या दुसरीचं नाणं संग्राहक शोधतात. म्हणून सालाबरोबर खूण वाचल्याशिवाय नाण्याचं नाव पूर्ण होत नाही. हजेरीपटावर नुसतं ‘कुलकर्णी’ लिहून भागत नसे, तसंच.

मुलीला १९८५ च्या रुपयावर सालाखाली इंग्रजी ‘एच’ दिसला आणि ती हरखली. ती बर्मिंगहॅमची खूण. त्या काळात सुट्ट्यांचा तुटवडा होता आणि सरकारने परदेशांतून नाणी पाडून आणली होती. पुढे नव्वदच्या दशकाच्या अखेरीसही मेक्सिको, प्रिटोरिया, क्रेम्निका, मॉस्को इथल्या टांकसाळींच्या खुणांची नाणी आली. ‘परदेशी खूण म्हणजे दुर्मीळ’ असं व्हिडिओत ठोकून सांगतात. तुम्हीच विचार करा, तुटवडा भागवायला मागवलेलं नाणं मूठभर कसं असेल? संग्रहात ठेवायला छान आहे, पण त्यावर घर बांधता येत नाही.

दुसरी गोष्ट, धातू. एक साधं लोहचुंबक जवळ ठेवा. १९४७ नंतरचे जुने रुपये शुद्ध निकेलचे, ते चुंबकाला चिकटतात. आपण मोठे होत असतानाचा रुपया तांबं-निकेलचा, पाऊण भाग तांबं आणि पाव भाग निकेल, तो चिकटत नाही. १९९२ पासूनचा छोटा पोलादी रुपया पुन्हा चिकटतो. ‘चिकटत नाही म्हणून चांदी’ असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. आणि ते कमळाचं पिवळं वीस पैशांचं नाणं आठवतं? त्यात सोनं आहे अशी वावडी होती. आपल्या गावातही कुणीकुणी ती जमवून ठेवली होती. त्यात शंभरात ब्याण्णव भाग तांबं, सहा ॲल्युमिनियम आणि दोन निकेल. सोन्याचा कणही नाही. डब्यात अशी सदतीस निघाली. नाणं वितळवणं हा गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्या.

चांदीचं म्हणाल तर जॉर्ज राजाच्या रुपयाचं साल बघा. १९३९ पर्यंतच्या रुपयात चांदी जवळजवळ ब्याण्णव टक्के. १९४० पासून ती निम्म्यावर आणली. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया खरोखर दुर्मीळ आहे, म्हणूनच त्याची नकल भरमसाट आहे. जत्रेत दोनशे रुपयांना मिळाला तर तो खोटा, यावर मी पैज लावतो. खऱ्याचं वजन ११.६६ ग्रॅम. पण नुसत्या वजनावरही विसंबू नका, जाणकाराला दाखवा.

तिसरी गोष्ट, टांकसाळीची चूक. आपल्या हल्लीच्या नाण्याचं सिंहाचं तोंड सरळ धरा आणि वहीचं पान उलटावं तसं नाणं उलटा. मागचा आकडा सरळ दिसला पाहिजे. थोडा कलला तर काही नाही. पण पार आडवा किंवा उलटा आला तर ठसा फिरलेला आहे, बाजूला ठेवा. कधी छाप मध्यावर न पडता सरकतो आणि कडेला कोरी चंद्रकोर राहते. कधी आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं आणि पुढच्यावर त्याच बाजूचं उलटं, खोलगट चित्र उमटतं. बाजारात त्याला ‘लखी’ म्हणतात. अशा नाण्यांना दर्शनी किमतीच्या कितीतरी पट मिळतात. मात्र दोन्ही बाजूंना छापा असलेलं नाणं घेऊन कुणी आलं तर कडेवर नख फिरवा. बहुतेक वेळा दोन नाणी कोरून एकात एक बसवलेली असतात आणि सांधा नखाला लागतो. ती जादूगाराची वस्तू, टांकसाळीची नव्हे.

आणि वेगळं दिसलं म्हणजे चूक, असंही नाही. दहा रुपयांच्या नाण्यावर कुठे दहा किरण, कुठे पंधरा, कुठे रुपयाचं चिन्ह आहे, कुठे नाही. दुकानदार ते खोटं म्हणून नाकारत होते. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की, तोपर्यंत निघालेल्या चौदाही प्रकारांची नाणी चालू आहेत. माझ्या खिडकीवर त्यावरून रोज एक भांडण व्हायचं. चालत नाहीत ती पंचवीस पैसे आणि त्याखालची, ३० जून २०११ पासून. आठ आणे अजून कायद्याने चालतात, भाजीवाली घेत नाही ही गोष्ट वेगळी.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, नाण्याची अवस्था. न वापरलेलं, टांकसाळीची झळाळी असलेलं साधं नाणं झिजलेल्या दुर्मीळ नाण्याला कधीकधी मागे टाकतं. म्हणून नाणं कडेला धरावं, बोट तोंडावर टेकवू नये. मऊ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये, कालांतराने हिरवट चिकटा येतो. साध्या कागदी पाकिटात, कोरड्या जागी ठेवावं. आणि घासू नये! चिंच नाही, राख नाही, पितांबरी तर मुळीच नाही. तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला तपकिरी रंग म्हणजे त्याचं वय. ते एकदा घालवलं की परत आणता येत नाही.

हे मी कुठे शिकलो, तेही सांगून टाकतो. आठवीत असताना या मित्राने आजीकडून आणलेला भोकाचा पैसा मला दोन दिवस पाहायला दिला होता. मी त्याला खूश करायला चिंचेने आणि राखेने तो असा घासला की, नव्या घागरीसारखा चकाकला. त्याने हातात घेतला, काही बोलला नाही आणि खिशात टाकला. पुढे कितीतरी वर्षांनी एका जुन्या व्यापाऱ्याने मला समजावलं, तेव्हा मी मनातल्या मनात ओशाळलो. त्याला सांगायचं राहून गेलं.

डब्याचा हिशेब असा : चारशेहून जास्त नाणी. त्यात ज्ञानेश्वरांचा १९९९ चा रुपया, त्याच वर्षीचे शिवछत्रपतींचे दोन रुपये, टिळकांचे पाच. फिरलेल्या ठशाचं एक. जॉर्जचे दोन रुपये, दोन्ही १९४० नंतरचे. शहरातल्या विश्वासू व्यापाऱ्याने सगळ्याचे मिळून तीन हजारांच्या आसपास सांगितले, त्यातला मोठा वाटा त्या दोन रुपयांतल्या चांदीचा. वहिनींना हा आकडा सांगणं माझ्या नोकरीतल्या कुठल्याही तुटीपेक्षा अवघड गेलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे त्यांनी आम्हाला फसवलं नाही ना? त्यांना खरंच तसं वाटत होतं?” मी म्हटलं, “वहिनी, डब्यात एकही नाणं खोटं नाही.” ते खरंच होतं.

मुलीच्या फीचं आपण बॅचमेट पाहतो आहोत, त्याबद्दल इथे जास्त बोलत नाही. ती आता नाणी कागदी पाकिटांत घालून, साल, टांकसाळ आणि धातू लिहून लावते आहे. पुढच्या सुट्टीत तिला मुंबईला फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय दाखवायचं आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथेही न्यायचं आहे. तुमच्यापैकी कुणाची मुलं, नातवंडं यायची असतील तर सांगा.

डब्याच्या तळाशी एक घडी घातलेला वहीचा कागद होता. वर त्याच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, “चष्म्याने घासला. ७८.” चष्मा हे माझं वर्गातलं नाव, तुम्हाला माहीतच आहे. आत तो भोकाचा पैसा. इतक्या वर्षांत त्यावर पुन्हा तपकिरी रंग धरला आहे, पण भिंगातून राखेचे ओरखडे दिसतात. वहिनींनी तो मला दिला. व्यापाऱ्याला मी तो दाखवलाच नाही.

जेवणानंतर मी आठवी ‘ब’च्या वर्गात भिंग, चुंबक आणि छोटा काटा घेऊन बसतो आहे. घरून चिल्लर आणली असेल तर घेऊन या. कुणी आणली नसेल तर पाकीट उलटं करा, तेवढ्यातही काहीतरी निघेल. फी नाही. फाइल चार्जही नाही.