किम पीक यांची स्मरणशक्ती आणि आपली गल्ली



'रेन मॅन' हा १९८८ चा चित्रपट काहींनी पाहिला असेल. त्याची कल्पना लेखकाला ज्यांना भेटून सुचली, ते अमेरिकेतले किम पीक. जन्म १९५१. हजारो पुस्तकं त्यांच्या लक्षात होती. तारीख सांगा, वार तयार! पण शर्टाची बटणं लावायला मात्र मदत लागायची. अशा माणसांना 'सॅव्हंट' म्हणतात.

आपल्याकडे असं कुणी दिसलं की एक म्हणतो करामत, दुसरा म्हणतो बाहेरची बाधा. मेंदूविज्ञान काय म्हणतं?

मेंदूच्या डाव्या-उजव्या भागांना जोडणारा तंतूंचा जाड पट्टा, कॉर्पस कलोझम, किम यांना जन्मतःच नव्हता. पण तो नसलेल्या बहुतेकांना अशी स्मरणशक्ती नसते. म्हणजे एवढ्यानं कोडं सुटत नाही.

१९९० च्या दशकात अमेरिकेतल्याच डॉ. ब्रूस मिलर यांना एका प्रकारच्या स्मृतिभ्रंशाचे असे रुग्ण आढळले, जे भाषा हरवत असताना झपाट्यानं चित्रं काढू लागले. त्यांच्या मेंदूचा कानशिलाजवळचा भाग झिजत होता, पण दृश्य सांभाळणारा मागचा भाग शाबूत होता. एका भागाचा लगाम सुटला की दुसरा मोकळा होत असावा.

ऑस्ट्रेलियाचे संशोधक ॲलन स्नायडर यांचं मत मला माझ्या कामामुळे पटकन कळतं. फोटो पाठवताना फोन बारीक तपशील गाळून फाइल लहान करतो. मेंदूही अर्थ ठेवतो, तपशील मागे टाकतो. सॅव्हंटला हा कच्चा तपशील थेट हाती लागतो, असं ते म्हणतात. अर्थात हे अजून गृहीतक आहे. शिवाय एकाच गोष्टीत तासन्‌तास रमणं, म्हणजे सराव, हाही आहेच.

आता महत्त्वाचं. किम तान्हे असताना त्यांना संस्थेत ठेवून द्या, असा सल्ला आईवडिलांना मिळाला होता. त्यांनी तो मानला नाही. वडील फ्रॅन यांनी २००९ मध्ये किम वारले तोवर त्यांना सांभाळलं. सल्ला नाकारला तेव्हा त्या स्मरणशक्तीचा पत्ताही नव्हता. समोर फक्त एक मूल होतं.

ऑटिझम असलेल्या बहुतेक मुलांमध्ये असं कुठलंही विलक्षण कौशल्य नसतं. म्हणून आपल्या गल्लीतल्या अशा मुलाला 'याच्यात खास काय?' असं विचारू नका. त्याला खेळात घ्या. चिडवणाऱ्याला थांबवा. शाळा प्रवेश नाकारत असेल, तर त्याच्या अम्मीसोबत मुख्याध्यापकांकडे जा. त्याचा हक्क मिळवायला त्याला पुस्तकं पाठ असण्याची गरज नाही.