तूर, डाळ आणि पिप इन्स्टॉल

आज पॅकेजबद्दल बोलूया. पगाराच्या नाही, पिप इन्स्टॉल मारल्यावर येतं त्या पॅकेजबद्दल.

आमच्या बदनापूरला कृषी संशोधन केंद्र आहे. बीडीएन-७११ हे तुरीचं वाण ऐकलं असेल, त्यातलं 'बीडीएन' म्हणजे बदनापूरच. म्हणून तुरीवरूनच सांगतो. घरात पोतंभर तूर असली तरी लगेच वरण होत नाही. भिजवा, वाळवा, भरडा, टरफल काढा, मग डाळ. सोर्स कोड म्हणजे ती तूर. कंपायलर म्हणजे डाळमिल. आणि आधीच कंपाइल करून ठेवलेलं पॅकेज, पायथॉनवाले ज्याला 'व्हील' म्हणतात, ती दुकानातली तयार डाळ. आणली की कुकरला लावली.

फक्त इथे प्रत्येक घरचा कुकर वेगळा. विंडोजसाठी बांधलेलं व्हील मॅकवर चालत नाही. २०२० मध्ये ॲपलने मॅकसाठी स्वतःचे प्रोसेसर आणले, म्हणजे मॅकमध्येच दोन प्रकार झाले. लिनक्सचेही दोन धरा. विंडोज एक, मॅक दोन, लिनक्स दोन, आणि पायथॉनच्या चार आवृत्त्या. झाल्या वीस फाइली, एका रिलीजसाठी!

तुमच्या मशीनसाठीची फाइल त्यात नसेल, तर पिप गुपचूप सोर्स कोड ओढतं आणि तुमच्याच लॅपटॉपवर डाळमिल सुरू करायला जातं. मग विंडोजवर तो प्रसिद्ध लाल मेसेज येतो, 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस १४.० किंवा पुढचं पाहिजे.' ते घ्यायला काही जीबी डाउनलोड. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, रोजच्या दीड जीबीत! बरीच पोरं इथेच लॅपटॉप मिटवतात आणि 'आपल्याला कोडिंग जमत नाही' असं धरून बसतात. यात कोडिंगचा संबंधच नव्हता हो.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातलं ओस्डॅग. स्टीलच्या बांधकामाचं डिझाइन आयएस ८०० प्रमाणे करून देणारं मोफत सॉफ्टवेअर. जालन्यासारख्या स्टीलच्या गावातल्या सिव्हिलच्या पोरांना कामाचंच. लिहिलंय पायथॉनमध्ये, पण त्यातलं थ्रीडी चित्र पायथॉन-ओसीसीमधून येतं, आणि त्याच्या पोटात ओपन कॅस्केड ही सी प्लस प्लसची अवाढव्य लायब्ररी. ती चार जीबी रॅमवर कंपाइल करायला घेतली तर मशीन झोपलंच समजा. म्हणून विंडोज आणि उबुंटूसाठी तयार इन्स्टॉलर असणं ही तिथे चैन नाही, त्याशिवाय विद्यार्थ्यापर्यंत ते पोचतच नाही.

आता या वीस फाइली बनवतं कोण? माणसाने हाताने बनवल्या तर सतराव्याला चूक होणारच. त्यासाठी सीआयबिल्डव्हील नावाचं टूल आहे. रिपॉझिटरी पब्लिक असेल तर गिटहब ॲक्शन्सची नेहमीची मशीन्स फुकट मिळतात. एक छोटी फाइल लिहायची, व्हर्जनचा टॅग ढकलायचा. विंडोज, मॅक, लिनक्स अशी वेगवेगळी मशीन्स एकदम कामाला लागतात.

लिनक्सची गंमत सांगायलाच हवी. नव्या उबुंटूवर बांधलेलं जुन्यावर बहुतेक वेळा चालत नाही, कारण जी-लिब-सी ही मूळ लायब्ररी तिथे जुनी असते. उलटं मात्र चालतं. म्हणून मेनीलिनक्सवाल्यांनी मुद्दाम जुनी सिस्टिम पकडली. मेनीलिनक्स २०१४ हे सेंटओएस ७ वर उभं आहे, त्यात जी-लिब-सी २.१७, म्हणजे २०१२ सालची. कॉलेजच्या लॅबमध्ये ज्या मशीनला कुणी हात लावत नाही, तिच्यावरही ते चालण्याची शक्यता त्यामुळे वाढते.

माझ्या मते बिल्ड हा सोपा भाग. खरी किंमत टेस्टची. बांधणाऱ्या मशीनवर सगळ्या लायब्ऱ्या आधीच पडलेल्या असतात, तिथे चाललं म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. व्हील कोऱ्या जागी इन्स्टॉल करून टेस्ट चालवायची सोय या टूलमध्येच आहे. ती ओळ गाळून रिलीज करणारे बघितले की चिडचिड होते.

आणि तुम्ही नुसते वापरणारे असाल तर पिपला 'ओन्ली-बायनरी' हा पर्याय द्या. तयार डाळ नसेल तर ते सरळ नाही म्हणतं, डेटा जळत नाही. मग पायथॉनची एखादी आवृत्ती मागची घेऊन बघा. अगदी नव्या आवृत्तीची व्हील्स यायला थोडा वेळ लागतो, बऱ्याचदा अडचण तेवढीच असते.

चला, पुढच्या भागात भेटू.