मैदान कुणाच्या पैशाचे, कुणासाठी?

(वलगाव येथे महिला गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



आज स्टेडियमवर बोलायचे म्हटल्यावर काहीजणींना वाटले असेल, हा आपला विषय कसा? पण स्टेडियमला जमीन लागते, पाणी लागते, पोलीस लागतात, पैसा लागतो. या सगळ्यात आपला वाटा आहे. म्हणून विषयही आपलाच आहे.

दोन मते नेहमी ऐकू येतात. एक म्हणते, सरकारने भव्य स्टेडियम बांधावे, म्हणजे खेळ वाढेल. दुसरे म्हणते, खाजगी संस्थेला बांधू द्या, जनतेचा पैसा वाचेल. दोन्ही तपासून पाहू.

नागपूरजवळचे जामठ्याचे स्टेडियम विदर्भ क्रिकेट असोसिएशनचे. तिथे 2008 पासून कसोटी सामने होतात. मुंबईचे वानखेडे स्टेडियम मुंबई क्रिकेट असोसिएशनने बांधले, तिथली पहिली कसोटी 1975 सालची. ज्यांचे नाव त्याला आहे ते शेषराव वानखेडे आपल्या विदर्भातलेच. पण त्याखालची जमीन सरकारची, भाडेपट्ट्याने दिलेली.

आता 2016 चा उन्हाळा आठवा. लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागत होते आणि इकडे आयपीएलसाठी मैदाने भिजवायची होती. अखेर मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवायला लावले. 2023 मध्ये राज्य सरकारने सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचे शुल्क कमी केले, तेही 2011 पासून मागे जाऊन. त्याबद्दल 2024 मध्ये न्यायालयाने सरकारला जाब विचारला. म्हणजे स्टेडियम खाजगी म्हटले तरी जमीन, पाणी, बंदोबस्त सार्वजनिकच. उत्पन्न त्यांचे आणि झळ आपल्याला. हंडा डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बाईला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

मग सरकारी पैसा आला की झाले का? पुण्याचे बालेवाडी क्रीडासंकुल 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी सरकारने उभारले. तालुका क्रीडासंकुलाच्या अनुदानाची मर्यादा 2022 मध्ये 1 कोटीवरून 5 कोटी रुपये झाली. चांगलेच आहे. पण भिंत आणि फाटक बांधल्याने मैदान मुलींचे होत नाही. संडास बंद, दिवे नाहीत, संध्याकाळभर मुलांचा ताबा आणि परतीची बस नाही, तर कोणती आई पोरीला पाठवेल? पैसा सगळ्यांचा आणि वापर अर्ध्यांचा, असे होते.

मुलींचा खेळ कोण पाहतो, असे विचारणाऱ्यांना 2 नोव्हेंबर 2025 ने उत्तर दिले. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये, म्हणजे खाजगी स्टेडियममध्येच, भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला. पण त्या मुलींना आधी घराजवळ सरावाची जागा मिळाली असेल, तेव्हाच त्या तिथवर पोचल्या. ती जागा नफ्यासाठी कुणी बांधत नाही. ती सार्वजनिक पैशातूनच व्हायला हवी.

वलगावला हे समजायला दूर जावे लागत नाही. इथेच पेढी नदीजवळ 20 डिसेंबर 1956 ला गाडगेबाबांनी देह ठेवला. त्यांच्या धर्मशाळा लोकांच्या पैशातून उभ्या राहिल्या, लोकांसाठी उघडल्या, आणि बाबांनी त्यांवर स्वतःची मालकी ठेवली नाही. सार्वजनिक पैशाची याहून चांगली कसोटी कोणती?

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. मोठी स्टेडियम ज्यांना कमाईसाठी हवीत त्यांनी जमिनीची, पाण्याची, बंदोबस्ताची पुरती किंमत मोजावी. सरकारी पैसा गावातल्या, तालुक्यातल्या मैदानांवर लागावा. आणि तो देतानाच लेखी अटी असाव्यात: मुलींसाठी राखीव वेळ, चालू संडास, दिवे, प्रशिक्षक, समितीवर बायका.

ग्रामसभेआधी महिला सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. तिथे हा विषय मांडा, ठराव करा, इतिवृत्तात लिहून घ्या. तालुक्याच्या संकुलावर किती खर्च झाला, मुली किती येतात, हे माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तर आले नाही तर अपील करा. एकटीने नको, गटाने करा.