उन्हाचे माप कोणाच्या पाठीवर घ्यायचे?

(घोटी येथे शेतमजूर स्त्रिया व कार्यकर्त्या यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मजुरीचा हिशेब आपण मागतो, रेशनचाही मागतो. आज उन्हाच्या हिशेबाविषयी बोलायचे आहे.

उन्हातले अतिनील किरण दिसत नाहीत आणि त्यांचा लगेच चटकाही बसत नाही. चटका बसतो तो उष्णतेचा. म्हणून आवणीच्या दिवसांत आभाळ झाकलेले, अंग चिंब, तेव्हा ऊन आहे असे कोणी म्हणतच नाही. पण विरळ ढगांतून हे किरण बहुतेक सगळे खाली येतात. आणि जुलैच्या चौथ्या आठवड्यात घोटीचा सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर असतो.

१९९५ साली जागतिक आरोग्य संघटना व इतर आंतरराष्ट्रीय संस्थांनी अतिनील निर्देशांक ठरवून दिला. तो ११ किंवा त्याहून जास्त असला की धोका टोकाचा. हा आकडा आडव्या, सपाट जागेवर पडणाऱ्या किरणांचा असतो. मुकादम बांधावर उभा असतो, त्याच्या पाठीवर दुपारी त्यातला थोडाच भाग पडतो. पण वाकून रोपे खोचणारीची पाठ? ती आडवीच! निर्देशांक जणू तिच्यासाठीच बेतला आहे, आणि तिला कोणी तो सांगत नाही.

माणसाच्या अंगावरचे माप घेण्यासाठी १९७६ साली ब्रिटिश संशोधकांनी पॉलिसल्फोनची फिल्म सुचवली. तिचा बिल्ला कपड्यावर लावायचा. किरणांनी फिल्ममध्ये बदल होतो, तो प्रयोगशाळेत मोजायचा. कुठे लावायचा, यावर सारे अवलंबून. आवणीत छातीवर लावला तर तो सावलीतच राहील. मानेवर लावा, कमरेवर लावा, मग खरे कळेल.

२०२३ साली आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी अंदाज दिला: २०१९ मध्ये जगात १६० कोटी माणसे उघड्यावर काम करताना या किरणांत होती. असे अंदाज व्यवसायाच्या नोंदींवर उभे राहतात. घरच्या खाचरात राबणारीपुढे ‘घरकाम’ लिहिले, की कागदावर ती सावलीत बसली!

सावळ्या कातडीला थोडे संरक्षण असते. त्वचेचा कर्करोग आपल्याकडे कमी. डोळ्यांना मात्र ते नाही. मोतीबिंदूच्या कारणांत हे किरण आहेत. तपासणी शिबिरात साखर विचारतात, वय विचारतात. उन्हात किती वर्षे काढली, हे आपणच विचारायला लावू.

आपल्या आज्यांचे इरले पाठ पुरी झाकायचे. आता पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद आला. हलका आहे, स्वस्त आहे, पण पातळ कागदातून किरण बरेचसे पार होतात. वर जाड, गडद कापड तरी हवे.

बिल्ला मिळेपर्यंत आपली सावली आहे. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड, तोवर किरण तीव्र. जुलैत इथे साधारण साडेनऊ ते पावणेचार. म्हणजे आवणीचा जवळजवळ सारा दिवस. येत्या आवणीत गटातल्या एकीने वही ठेवावी: कोण, किती वाजता वाकली, किती वाजता उठली, पाठीवर काय होते. मजुरीच्या बोलणीला जाताना ती वही बरोबर न्यायची.